मागे शॉकअप नसलेली सायकल

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीकडेने मुलांच्या सायकली लावलेल्या असतात. बहुतेकींना पुढे-मागे जाडजूड स्प्रिंगा, फ्रेमवर ज्वाळांचे स्टिकर, चाकांत डिस्कच्या चकत्या. त्या रांगेत माझी सायकल उभी राहिली की अंगकाठीने अगदीच किरकोळ दिसते. नळ्या बारीक, रंग शेवाळी, कंपनीचं नाव शोधावं लागेल एवढ्या अक्षरात. दुसऱ्या मजल्यावरचे एक चिरंजीव मागे एकदा वाकून बराच वेळ तिच्या मागच्या चाकाकडे बघत होते. मग म्हणाले, "काकू, तुमचा मागचा शॉकअप कुठंय?" हिला तो नसतोच, असं सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जी कणव दाटून आली ती मी विसरलेले नाही. त्याचे आजोबा व्यवहाराचे. त्यांनी किंमत विचारली. मी ती बरीच उतरवून सांगितली, तरी ते म्हणाले, "एवढ्यात सेकंडहँड ॲक्टिव्हा आली असती हो." आली असती, आणि तिला मागे शॉकअपही असता.

गंमत अशी की त्या मुलाची सायकलही लोखंडाचीच आहे, आणि माझ्या सायकलीहून जड आहे. तिच्या मागच्या स्प्रिंगचं काम एवढंच, की प्रत्येक पेडलबरोबर सायकल खालीवर होते आणि पोराची निम्मी ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. चांगला मागचा शॉकअप नसतो असं नाही. हवेच्या आणि तेलाच्या दाबावर चालणारा, सांध्यासांध्याला बेअरिंग असलेला, मोठमोठे धोंडे सहज पचवणारा शॉकअप मी चालवून बघितला आहे. पण त्याची सर्व्हिसिंग वेळच्या वेळी करावी लागते, सील बदलावी लागतात, आणि तसल्या सायकलीची किंमत ऐकून आजोबांना सेकंडहँड नव्हे, नवी कोरी गाडी आठवली असती, कदाचित दोन. माझी सायकल या दोन्हींच्या मधली. पुढच्या चिमट्याला पाच-साडेपाच इंचांची उसळी, आणि मागचं चाक फ्रेमला थेट जखडलेलं. अशा सायकलीला हार्डटेल म्हणतात. मागून येणारा दणका अडवायला वाटेत कोणी नाही. आधी टायर, मग तुम्ही.

त्यातून माझी हार्डटेल स्टीलची. स्टीलची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दूधवाल्याची काळी सायकल येते, दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेली. ती याच घराण्यातली, पण थोरली पाती. माझी फ्रेम क्रोमोलीची आहे, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाची. 4130 या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या पोलादात क्रोमियम जेमतेम एक टक्का, मॉलिब्डेनम त्याचा पाचवा हिस्सा, कार्बन एक टक्क्याच्या तिसऱ्या भागाहून कमी. एवढ्याशा मसाल्याने साध्या लोखंडाची ताकद इतकी वाढते की नळीचा पत्रा मिलिमीटरहूनही पातळ ठेवता येतो. शिवाय ही नळी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. जिथे नळ्या जोडायच्या, तिथे वेल्डिंगची उष्णता आणि ताण दोन्ही सोसावे लागतात, म्हणून टोकांना जाडी ठेवतात आणि मधल्या पोटातून काढून घेतात. ही युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने 1897 साली पेटंट केली. त्याआधी हे घराणं खिळे बनवत असे. याच कंपनीने 1935 मध्ये 531 नावाची नळी काढली आणि पुढची कित्येक वर्षं युरोपातल्या शर्यतींच्या पुष्कळ सायकली त्या नळीच्या होत्या. खिळेवाल्यांना पोलादाचं मर्म कळावं यात नवल नाही.

आता इथपर्यंत आलेच आहे तर एक गोष्ट बोलून टाकते. स्टीलच्या सायकलींबद्दल फार थापा मारल्या जातात, आणि त्या मारणारे बहुतेक माझेच मित्र आहेत. स्टील जिवंत असतं, म्हणे. ते लवतं, धक्का पिऊन टाकतं, त्यावर बसलं की गादीवर बसल्यासारखं वाटतं. मला हे पटत नाही. सायकलीची फ्रेम म्हणजे मुळात दोन त्रिकोण, आणि त्रिकोण हा उभ्या दाबाखाली लवत नाही म्हणूनच पुलांना आणि छपरांच्या कैच्यांना वापरतात. खडकावर मागचं चाक आपटलं तर मागचा त्रिकोण जितका दबेल, त्याच्या कितीतरी पट टायर दबतो. हातभर बाहेर काढलेली बारीक सीटपोस्टदेखील फ्रेमपेक्षा जास्त लवते. म्हणजे गादी असलीच तर ती हवेची. टायर सव्वादोनऐवजी अडीच इंची घातला आणि त्यातली हवा थोडी कमी केली, तर जो फरक पडतो तो फ्रेमचा धातू बदलून पडत नाही. हे मी एकदा बोपदेव घाट चढताना बोलून दाखवलं, तेव्हा एका कट्टर स्टीलभक्ताने घाटमाथा येईपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

मग स्टील कशासाठी? वजनासाठी तर नक्कीच नाही. नुसती फ्रेमच अडीच किलोच्या आसपास भरते आणि सगळी सायकल 14 किलोच्या. ॲल्युमिनियमची याहून हलकी, कार्बनची त्याहूनही. पोलादाची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट. ताठपणाही तिप्पट, म्हणून हिशेब कसाबसा जुळतो एवढंच. पोलादाचा खरा गुण वेगळा आहे. एका ठरावीक मर्यादेच्या आतला ताण त्याला लाखो वेळा दिला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. छोटा ताणही पुरेशा वेळा बसला की त्याचा हिशेब कुठेतरी साठत जातो. म्हणून ॲल्युमिनियमच्या फ्रेमी मुद्दाम रुंद नळ्यांच्या आणि फार ताठ बनवतात, म्हणजे मुळात ताणच कमी बसावा, आणि तशा त्या पुष्कळ वर्षं चालतातही. पण पोलाद मोडायचं असलं तरी बहुधा आधी कळवतं. रंगाला बारीक रेघ पडते, त्या रेघेतून तांबूस ओघळ उतरतो, चढावर जोर लावला की कुरकुर ऐकू येते. माझ्यासारख्या बाईला, जिला उतारावर मध्येच काही मोडलेलं परवडणार नाही, ही सूचना मोलाची वाटते.

डोंगरातली सायकल हा प्रकारच मुळात स्टीलवर जन्मला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मारिन परगण्यात टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. 1970 च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी चाळीसेक वर्षांपूर्वीच्या, पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी बनवलेल्या जाड टायरच्या श्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि त्या डोंगरावर नेऊन उतारावर सोडायला सुरुवात केली. त्या सायकलींना हँडलवर ब्रेक नव्हते. पेडल उलटं दाबलं की मागच्या हबमधला ब्रेक लागायचा. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका वाटेवर सव्वातीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे 1300 फूट उतार होता. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा, आणि पुन्हा वर जाण्याआधी हब उघडून ग्रीस नव्याने भरावं लागायचं. इंग्रजीत त्या भरण्याला जे म्हणतात तेच त्या वाटेचं नाव पडलं, रिपॅक. 21 ऑक्टोबर 1976 ला तिथे पहिली शर्यत झाली. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने खास या कामासाठी क्रोमोलीच्या नळ्यांची फ्रेम बनवली; ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनवलेल्या फ्रेमी घेऊन धंदा मांडला, 1981 मध्ये स्टम्पजंपर नावाची सायकल आली, आणि मग हे प्रकरण कारखान्यात गेलं. पुढच्या चिमट्यातला शॉकअप यायला अजून बराच अवकाश होता. 1990 मध्ये कोलोरॅडोतल्या दुरँगोला झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने तसला चिमटा लावून उताराची शर्यत जिंकली, तेव्हा कुठे लोकांचा त्यावर विश्वास बसला.

आपल्याकडच्या डोंगराळ तालुक्यांत हर्क्युलिस नाहीतर ॲटलसवरून बैलगाडीच्या वाटेने शाळेला जाणारे मास्तर आणि टपाल पोचवणारे पोस्टमन त्याही आधीपासून हेच करत होते. त्यांनी घड्याळ लावलं नाही, एवढाच फरक. पुण्यासारख्या, एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या गावातही सायकल ही कामावर जायची वस्तू होती. तिला बिल्ला लागे, दिवा लागे, डबलसीट गेलं तर पोलीस अडवत. ती टेकडीवर मजेखातर न्यायची असते, हे आमच्या वडिलांच्या पिढीला सांगितलं असतं तर त्यांनी आधी डोक्याला हात लावून ताप बघितला असता.

माझी रोजची टेकडी वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर, शहराच्या मधोमध, आणि तरीही वर गेल्यावर मोराची केकावली ऐकू येते. पाषाणच्या अंगाने चढलं की आधी गिरिपुष्पाच्या लावलेल्या झाडीतून वाट जाते, मग झाडी विरळ होते आणि दख्खनचा काळा कातळ उघडा पडतो. चढावर हार्डटेल खूश असते. पेडलवर दिलेला जोर मध्ये कुठे मुरत नाही, सगळा मागच्या चाकात जातो. मात्र सुट्या मुरमावर तेच चाक उडतं आणि जागच्या जागी गरगरतं. तिथे सीटच्या टोकाशी सरकून बसायचं, छाती हँडलवर झुकवायची, आणि गिअर इतकाही हलका घ्यायचा नाही की झटक्यासरशी चाक फिरावं. उभं राहून जोर लावला की संपलंच. मागचं चाक हलकं होतं आणि तुम्ही चढावर, एक पाय खाली टेकून, फिरायला आलेल्या मंडळींच्या सहानुभूतीला पात्र होता. "पंक्चर झाली का हो?" असा प्रश्न येतो. हो म्हणावं. पुढचं स्पष्टीकरण वाचतं.

उताराची गोष्ट निराळी. उतारावर हार्डटेलवर बसून राहता येत नाही, उठावंच लागतं. दोन्ही पेडलं जमिनीला समांतर, टाचा खाली, गुडघे आणि कोपरं सैल, सीट मांड्यांच्या मध्ये मोकळी हलू द्यायची. मागचा शॉकअप म्हणजे तुमचे गुडघे. पन्नाशीनंतर त्यांतलं तेल बदलून मिळत नाही, हा भाग वेगळा. पुढचं चाक खडकावरून उतरलं की चिमटा दबतो आणि सगळी सायकल नाकावर झुकते, कारण मागची बाजू तिच्याबरोबर खाली बसत नाही. दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल अशा वेळी सपाट बसते. हार्डटेल अधिक उभी होते. म्हणून ब्रेक खडकाच्या आधी लावायचा आणि खडकावर सोडायचा. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात खडक दिसला की बोटं ब्रेकवर आपोआप आवळतात, आणि ती सैल करायला शिकण्यात माझा एक अख्खा हिवाळा गेला.

दोन शॉकअपवाला वरून निघून जातो. त्याला वाटेवरचा बारीकसारीक दगड कळतही नाही, आणि वेगात मी त्याला कधीच गाठू शकणार नाही. मला वाट वाचावी लागते. दहा-पंधरा फूट पुढे नजर ठेवून, कुठला दगड रुतलेला आहे आणि कुठला नुसता ठेवल्यासारखा, पाण्याने कोरलेली घळ डावीकडून घ्यायची की उजवीकडून, झाडाचं मूळ आडवं ओलांडायचं की तिरपं, हे चाक तिथे पोचायच्या आत ठरवावं लागतं. दगड टाळायचा असेल तर दगडाकडे बघायचं नाही, शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचं. सायकल नजरेच्या मागे जाते. चुकलं तर मागच्या चाकातून निरोप थेट कमरेला. वाटेने मला काय सांगितलं, हे दोन स्प्रिंगांनी चाळून माझ्यापर्यंत येत नाही, हेच मला हवं आहे. निम्मं काम यंत्राने करावं आणि निम्मं माझ्यासाठी शिल्लक ठेवावं. सगळंच करणारी यंत्रं माझ्या घरात पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या एकाशीही माझी ओळख नाही.

या वाचण्याचा दर ऋतूत वेगळा धडा असतो. एप्रिल-मे मध्ये कडक जमिनीवर मुरमाचा बारीक चुरा पसरलेला असतो आणि वळणावर पुढचं चाक न विचारता निघून जातं. जूनचे पहिले पाऊस झाले की तोच मुरूम दाबून बसतो, चाकाखाली करकरत नाही, आणि चार-आठ दिवस टेकडीसारखी टेकडी नसते. मग शेवाळ येतं. ओल्या काळ्या कातळावरचं शेवाळ हे रबराला मानतच नाही. तिथे वळायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, सरळ जायचं आणि मनातल्या मनात कुणाचं तरी नाव घ्यायचं. पायथ्याच्या काळ्या मातीत तर सायकल घालूच नये. माती टायरवर थरावर थर चढते, चिमट्यात आणि मागच्या दांड्यांत गच्च बसते, आणि शेवटी चाक फिरायचं थांबतं. नोव्हेंबरात गवत पिकतं आणि कुसळं मोज्यांतून आत शिरून घोट्याला टोचत राहतात. घरी येऊन एकेक उपसताना निम्मी सकाळ जाते. फेब्रुवारीत कुणीतरी गवताला काडी लावतं आणि काळ्या राखेतून वाट एकदम उघडी पडते, वर्षभर न दिसलेल्या दगडांसकट. बाभळीचे काटे बाराही महिने. टायरमध्ये ट्यूब होती तोवर पंक्चर काढण्यातच माझा शारीरिक व्यायाम होत असे. आता आत रबराच्या चिकाचं पातळ द्रावण असतं. काटा शिरला की ते भोकातून बाहेर येतं आणि तिथेच थिजून भोक बंद करतं. सायकलीच्या इतक्या वर्षांच्या प्रगतीत शॉकअपपेक्षा मी या द्रावणाला वरचा नंबर देईन.

वाटांबद्दलही माझं एक मत बनलं आहे. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर, दिवे घाटाच्या वरच्या माळावर, पानशेतकडच्या डोंगरउतारांवर दोन प्रकारच्या वाटा दिसतात. माणसांच्या आणि गुरांच्या. माणूस घाईचा. त्याला खाली जायचं असलं की तो सरळ नाकासमोर उतरतो. त्या वाटेवरून पावसाचं पाणीही सरळ उतरतं, दोन पावसाळ्यांत तिची घळ होते, आणि मग माणूस शेजारून दुसरी वाट पाडतो. गुरं तसं करत नाहीत. ती उताराला आडवी, हळूहळू उंची घेत किंवा सोडत जातात. पाणी वाटेवर साठत नाही, तिला ओलांडून पलीकडे जातं. परदेशात सायकलींच्या वाटा बांधणारे जाणकार चढाचा कोन मोजून, उताराला आडवी वाट काढून जे साधतात, ते आपल्याकडच्या म्हशींना उपजत ठाऊक आहे. एखादी वाट सायकलीला लागेल की नाही हे मला कळेनासं झालं की मी शेण शोधते. शेण असेल तर वाट जाते, आणि बहुधा पाण्याशी जाते.

एकदा रत्नागिरीकडच्या सड्यांवरही सायकल नेली होती. जांभ्याचा सडा लांबून टेबलासारखा सपाट दिसतो. त्यावर हार्डटेलने गेलं की त्याच्यातलं एकेक भोक हाडांना मोजता येतं. तिथे मी फार फिरले नाही, आणि त्याला कारण हाडं नव्हती. त्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, कशेळीचा हत्ती, उक्षी, बारसू. काही कुंपणात, बरीचशी उघड्यावर, आणि गवत वाढलं की पायाखाली येईपर्यंत न दिसणारी. जिथे जमिनीवर हजारो वर्षांपूर्वीचं चित्र असण्याची शक्यता आहे, तिथे चाक घालू नये. तिथे चालावं, तेही बघून.

सायकल मोडते तेव्हा मी पेठेतल्या एका दुकानात जाते. दुकान म्हणजे दोन फळ्या, छताला टांगलेल्या रिमा, आणि रॉकेलच्या डब्यात बुडवलेले छर्रे. तिथल्या काकांनी माझी सायकल पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा त्यांनी ब्रेक, गिअर काही बघितलं नाही. पाना उलटा धरून फ्रेमच्या खालच्या नळीवर टिचकीसारखा मारला आणि कान लावला. आवाज खणखणीत आला. "लोखंड आहे," ते म्हणाले, आणि मग चहा सांगितला. डिस्क ब्रेकच्या तेलाला ते हात लावत नाहीत. "ते तुमचं तुम्ही बघा, ताई," म्हणतात. पण चाकाचा डग काढणं, बेअरिंगचा कोन नेमका आवळणं, आऱ्या एकसारख्या ताणणं, यात त्यांच्या बोटांना कुठलाही मीटर लागत नाही. मागच्या वर्षी उतारावर मी उजव्या अंगावर पडले आणि गिअरचा डिरेलर जिथे अडकतो तो फ्रेमचा कान आत वाकला. ॲल्युमिनियमच्या सायकलीत हा कान वेगळा, बदलता येण्याजोगा तुकडा असतो, कारण वाकलेला सरळ करायला गेलं तर मोडण्याचीच भीती जास्त. माझ्या फ्रेमला तो अंगचाच आहे. काकांनी चाकाचा जुना आस त्या भोकाच्या आट्यांत फिरवून बसवला, त्यावर पाइप चढवला, एक डोळा मिटला, आणि हलक्या हाताने तो कान परत जागेवर आणला. गिअर पुन्हा बसले. त्यांनी घेतलेल्या पैशांत बाहेर दोन कॉफ्या येत नाहीत.

मात्र यावरून, स्टीलची सायकल कुठल्याही कोपऱ्यावर वेल्ड करून मिळते, ही जी आणखी एक दंतकथा आहे, तिला मी हातभार लावणार नाही. दूधवाल्याच्या सायकलीची जाड नळी कुणीही पितळ ओतून जोडून देतो. क्रोमोलीच्या पातळ नळीवर खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याने आपली कांडी टेकवली तर नळीला भोक पडेल, आणि नाही पडलं तरी आसपासचं पोलाद उष्णतेने ठिसूळ होईल. ते काम टिग वेल्डिंग येणाऱ्या, पातळ नळ्यांची सवय असलेल्या हाताचं. असे हात आपल्या शहरांत आहेत, ते शोधावे लागतात, आणि ते सापडेपर्यंत तडा गेलेली फ्रेम चालवायची नसते. स्टील दुरुस्त होतं हे खरं. ते आपोआप दुरुस्त होत नाही.

टेकडीवर भेटणाऱ्या माणसांविषयी लिहिलं नाही तर मी टेकडीवर जातच नाही असं वाटेल. पहाटे चालायला येणारे आजोबा-आजी, व्यायामवाले, कुत्री फिरवणारे, वेताळाच्या देवळात नारळ घेऊन आलेला एखादा, पहाटेपासून कॅमेरा रोखून बसलेले पक्षीवाले. ही टेकडी आधी त्यांची, मग माझी. मी साधी पितळी घंटी लावून घेतली आहे. "अहो, ही काय सायकलची जागा आहे का?" असं विचारणाऱ्या काकांशी मी वाद घालत नाही, कारण ओल्या वाटेवर चाकाने पाडलेली चरी पुढच्या पावसात पाण्याची वाट होते, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. धो धो पावसाच्या दिवशी मी वर जात नाही. उघडीप मिळाली, वाट निथळली की जाते, आणि चालणारं माणूस दिसलं की उतरून बाजूला उभी राहते. हेच काका आता मला वर कुठल्या वाटेवर चिखल आहे ते सांगतात.

राहता राहिला गंज. स्टीलवाल्यांनी ज्याबद्दल बोलायचं टाळलेलं असतं, तो. बाहेरचा गंज दिसतो, रंगाचा टवका उडाला की नेलपॉलिश लावून भागतं. मी शेवाळी रंगाची बाटली मिळवायला सगळी पेठ पालथी घातली आणि दुकानदारिणीला ती कशासाठी हवी आहे ते सांगितलं नाही. खरा गंज आतून येतो. मागच्या चाकाने उडवलेलं पाणी सीटपोस्टच्या कडेने नळीत उतरतं आणि खाली, पेडलांच्या आसापाशी, साठून राहतं. त्यासाठी चांगल्या फ्रेमींना तळाशी एक भोक ठेवलेलं असतं आणि ते चिखलाने बुजलेलं असतं. दुसरं दुखणं सीटपोस्टचं. ती ॲल्युमिनियमची, नळी पोलादाची, मध्ये पावसाचं पाणी; दोन धातूंची रासायनिक कुस्ती सुरू होते आणि वर्ष-दोन वर्षांत पोस्ट आत अशी धरते की पाइप लावून, गरम करून, शिव्या देऊनही हलत नाही. यावरचे उपाय महाग नाहीत. रंगांच्या दुकानात जवसाचं डबल बॉइल्ड तेल मिळतं. सीटपोस्ट काढून ते तेल नळ्यांमध्ये ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, जादा निथळू द्यायचं आणि चार दिवस वाळवायचं. आतून पापुद्रा धरतो. तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि तशी चिंधी पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून मगच टाका.

तेव्हा तुमच्याकडे स्टीलची कुठलीही सायकल असेल, डोंगरातली, शहरातली किंवा वडिलांची माळ्यावर पडलेली, तर मृग लागायच्या आधी तिची सीटपोस्ट एकदा उपसा, जुनं ग्रीस पुसा, नवं लावा, आणि सायकल उलटी करून तळाचं भोक काडीने मोकळं करा. अडकलेली पोस्ट काढण्याची मजुरी ग्रीसच्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त पडते.